सूर आधी, वेळ नंतर

स्टेप रेकॉर्डिंग म्हणजे सिक्वेन्सरमध्ये सूर एकेक करून, थांबत थांबत भरणं. नेहमीच्या रेकॉर्डिंगमध्ये ठेका चालू असतो, वादक त्याच्यासोबत वाजवतो आणि कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली, किती वेळ धरली हे सगळं यंत्र एकाच वेळी टिपून घेतं. स्टेप रेकॉर्डिंगमध्ये ठेका बंद असतो. आधी एका स्टेपची लांबी ठरवायची, समजा एका बीटचा चौथा हिस्सा, आणि मग पट्टी दाबायची. सूर त्या स्टेपवर नोंदला जातो, पट्टी सोडली की कर्सर पुढच्या स्टेपवर जातो आणि नवा सूर येईपर्यंत तिथंच थांबतो. ती पट्टी दोन सेकंदांनी दाबली काय किंवा चहा घेऊन आल्यावर दाबली काय, नंतर वाजताना दोन सुरांतलं अंतर तेवढंच राहतं.

याशिवाय तीन बटणं पुरतात. रेस्ट दाबलं की एक स्टेप रिकामी जाते. टाय दाबलं की आधीचा सूर एक स्टेप लांबतो. बॅक दाबलं की एक स्टेप मागं येऊन चूक पुसता येते. कॉर्डसाठी वेगळी सोय लागत नाही. एक पट्टी धरलेली असताना दुसरी, तिसरी, चौथी दाबली की त्या सगळ्या एकाच स्टेपवर बसतात. सगळी बोटं उचलल्यावरच कर्सर हलतो. काही सॉफ्टवेअरमध्ये पट्ट्या धरून ठेवून बाणाची कळ दाबावी लागते, एवढाच फरक. त्यामुळं बोटं एकाच क्षणी पडायची गरज नसते आणि एका हातात न मावणारी कॉर्डही सावकाश, सूर जोडत जोडत भरता येते.

या पद्धतीबद्दल स्टुडिओत दोन मतं कायम भेटतात. एक मत वादकाचं. तो हार्मोनियमवरून कीबोर्डकडे आलेला असतो आणि त्याला लय हातात हवी असते. दुसरं मत प्रोग्रॅमरचं. तो ट्रॅक रचतो आणि त्याला प्रत्येक सूर आपल्या जागी, नजरेसमोर हवा असतो. पुढचा संवाद या दोघांचा आहे.

वादक : बोट पट्टीवर पडतं तेव्हा कोणता सूर आणि कधी, हे दोन वेगळे निर्णय नसतात रे. एकच निर्णय असतो. तुझं यंत्र त्याचे दोन तुकडे करतं. सूर मला विचारतं आणि वेळ स्वतः ठरवून टाकतं. याला वादन कसं म्हणायचं?

प्रोग्रॅमर : वादन म्हणूच नका, दादा. हे लेखन आहे. भातखंड्यांच्या पुस्तकातली बंदिश डोळ्यांसमोर आणा. मात्रांचे रकाने, रकान्यात सूर, सूर लांबला की पुढच्या रकान्यात आडवी रेघ, एका मात्रेत दोन सूर आले की त्यांच्याखाली कंस. माझं टाय म्हणजे तीच आडवी रेघ.

हे साम्य वरवरचं नाही. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीत सूर कोणता हे अक्षर सांगतं आणि तो कधी हे रकाना सांगतो. सूर आणि वेळ तिथंही वेगळेच लिहिले जातात. तीनतालाचे सोळा रकाने सोळा स्टेपच्या सिक्वेन्सरवर जसेच्या तसे बसतात : पहिल्या स्टेपवर सम, नवव्या स्टेपवर खाली. शेवटची स्टेप हवी तिथं ठरवता येत असेल तर दहा स्टेपचा झपताल आणि सात स्टेपचा रूपकही मांडता येतो. मात्रेचे दोन भाग हवे असतील तर वीस आणि चौदा स्टेप घ्यायच्या. फरक पडतो तो नंतर, आणि वादकाचं बोट नेमकं त्यावर जातं.

वादक : पुस्तकातली बंदिश वाचणाऱ्यानं ती गुरूकडून ऐकलेली असते. कागदावर जे नाही ते त्याच्या कानात असतं. रेघ किती ओढायची, पुढच्या सुरावर सरळ जायचं की वरचा कण लावून, हे तो कागदाला विचारत नाही. यंत्राच्या कानात काय असतं? तू भरलंस तेवढंच.

प्रोग्रॅमर : बरोबर. म्हणून मला जास्त भरावं लागतं. पण भरता येत नाही असं नाही.

यंत्राला पुरतं सांगण्याचा प्रयत्न या पद्धतीच्या सुरुवातीपासून झालेला आहे. रोलंड कंपनीचा एमसी-८ मायक्रोकंपोझर १९७७ साली आला. त्याला पियानोच्या पट्ट्या नव्हत्या, अंकांची कळपट्टी होती. प्रत्येक सुरासाठी आकडे टाइप करायचे : सूर कोणता, पुढचा सूर किती वेळानं आणि हा सूर त्यातला किती काळ वाजत राहणार. जपानच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्राच्या संगीतात हे यंत्र होतं आणि त्यात आकडे भरायचं काम हिदेकी मात्सुताके यांच्याकडे होतं. इथं सगळ्या स्टेप सारख्या असायचं बंधन नव्हतं. एका सुराला ४८ द्यावेत, पुढच्याला ४६, त्याच्या पुढच्याला ५१, असं करता येत होतं. सारख्या अंतरावरचे सोळा दिवे ही मांडणी ठळकपणे डोळ्यांत भरली ती नंतर, १९८० च्या टीआर-८०८ सारख्या रिदम मशीनमुळं.

प्रोग्रॅमर : कॉनलन नॅनकॅरो घ्या. अमेरिकेत जन्मला, १९४० मध्ये मेक्सिकोला गेला आणि तिथं बसून पियानो वाजवणाऱ्या यंत्रासाठी कागदाच्या गुंडाळीवर हातानं भोकं पाडत राहिला. एकेक सूर, थांबत थांबत. एका रचनेत एक आवाज हळूहळू जलद होत जातो आणि दुसरा त्याच वेळी संथ होत जातो. कुठल्याही पियानोवादकाच्या दोन हातांना हे जमलं नसतं. थांबून लिहिलं म्हणून लय मेली असं तिथं कोण म्हणेल?

वादक : नॅनकॅरोनं भोकांमधलं अंतर स्वतः मोजलं. तू मोजतोस का? तू सोळावा हिस्सा निवडतोस आणि पट्ट्या दाबत सुटतोस. माझा राग थांबून लिहिण्यावर नाही. न मोजता लिहिण्यावर आहे.

हा आक्षेप रास्त आहे आणि स्टेप रेकॉर्डिंगच्या बऱ्याच वाईट नमुन्यांचं कारण त्यात सापडतं. पद्धत वेळेचा निर्णय पुढं ढकलते. पुढं ढकललेला निर्णय घ्यायचाच राहून गेला की ट्रॅक निर्जीव होतो.

सूर आणि वेळ सर्वांत उघडपणे वेगळे केले ते रोलंडच्याच टीबी-३०३ नं. एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून १९८१ मध्ये काढलेली ही लहानशी पेटी. तिच्यात एका फेरीत फक्त सूर भरायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक स्टेपसाठी सूर, टाय की रेस्ट एवढंच सांगायचं. यंत्र पहिल्या यादीतले सूर ओळीनं उचलतं आणि 'सूर' असं सांगितलेल्या स्टेपवर ठेवत जातं. मधली एक रेस्ट चुकली की पुढचा प्रत्येक सूर एक जागा सरकतो. गिटारवादकांना हे फार किचकट वाटलं आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबलं. पुढं शिकागोतल्या तरुणांनी जुन्या बाजारातून ही पेटी उचलली आणि फ्यूचर या गटाच्या १९८७ च्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'पासून अ‍ॅसिड हाउस हा संगीतप्रकारच तिच्या नावावर जमा झाला.

त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत ही पेटी वाजली होती. हिंदी चित्रपटसंगीतात वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. तेव्हा त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे ऐकणारे चकित झाले.

प्रोग्रॅमर : भैरवी, ललत, मालकंस आणि खाली स्टेपनं भरलेला बेस. तुमच्याच परंपरेतला माणूस, दादा.

वादक : म्हणूनच त्याचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. यंत्राला त्यानं काय दिलं? न बदलणारा ठेका आणि बेसची फिरती आकृती. रागाची बढत कुणाकडे ठेवली? बोटांकडे, ज्युपिटरवर. कुठलं काम कुणाचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ही कामाची वाटणी लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण कॉर्डकडे वळल्यावर बाजू पालटते. एकेरी सुरांच्या ओळीत स्टेप रेकॉर्डिंग हातापेक्षा कमी पडू शकतं. कॉर्डच्या मांडणीत ते पुष्कळदा हाताच्या पुढं जातं. हार्मोनियमवर शिकलेल्या वादकाची कॉर्ड बहुधा एकाच आकारात पडते. हाताला एक पकड बसलेली असते आणि तीच पकड कीबोर्डभर सरकत राहते. पांढरी एक सा धरून नेहमीच्या चार कॉर्ड घेतल्या तर त्या अशा पडतात : सी मेजर म्हणजे सा ग प, ए मायनर म्हणजे ध सा ग, एफ मेजर म्हणजे म ध सा, जी मेजर म्हणजे प नि रे. प्रत्येक बदलाला पंजा उडी मारतो आणि शेवटच्या बदलात तर तिन्ही सूर एकाच दिशेनं, एकाच अंतरानं सरकतात. कानाला तीन आवाज ऐकू येत नाहीत, एकच जाड आवाज वर-खाली होताना ऐकू येतो.

प्रोग्रॅमर : आता हेच थांबून करू. स्टेपची लांबी पूर्ण एक बार ठेवली. पहिली स्टेप सा ग प. दुसऱ्या कॉर्डला जाण्याआधी विचारायचं, यातले कोणते सूर तिथंही आहेत? सा आणि ग आहेत. मग ते जागेवर ठेवू, फक्त प चा ध करू : सा ग ध. तिसरीत सा आणि ध राहतात, ग चा म होतो : सा म ध. चौथीत तिन्ही खाली उतरतात : मंद्र नि, रे, प. परत पहिलीवर येताना प तिथंच, नि चा सा, रे चा ग. बेसला वेगळ्या ट्रॅकवर सा, ध, म, प देऊ. आता तीन माणसं गातायत असं वाटतं की नाही?

वादक : वाटतं. हे पाश्चात्त्य पियानो नीट शिकलेला माणूस हातानंही करेल.

प्रोग्रॅमर : करेल. पण न शिकलेल्यालाही शिकता येतं, कारण यंत्र घाई करत नाही. प्रत्येक सूर कुठून आला आणि कुठं चालला, हे बघायला वेळ मिळतो.

स्टेप रेकॉर्डिंगचा खरा मोठेपणा इथं आहे आणि त्याच्या टीकाकारांनी तो पुरेसा ओळखलेला नाही. चालू ठेक्यात कॉर्ड बदलताना बहुतेक लक्ष वेळेवर पोचण्यात खर्च होतं. ती घाई काढून घेतली की लक्ष सुरांच्या आपसातल्या नात्याकडे जातं. कॉर्डमधला मधला सूर कमी करून बघावा, खालचा सूर एक सप्तक वर टाकावा, सातवा सूर जोडावा, पसंत नाही पडला तर बॅक दाबून पुसावा. हार्मनी शिकण्यासाठी इतकी स्वस्त आणि सहनशील शाळा दुसरी नाही.

अडचण एकच येते आणि ती नवख्याला हमखास गोंधळात टाकते. सा आणि ग दोन्ही कॉर्डमध्ये सामाईक असले तरी दोन स्टेपवर ते दोनदा भरले गेले की दोनदा वाजतात. पियानोच्या आवाजात हे चालून जातं. व्हायोलिनच्या ताफ्याचा किंवा पॅडचा आवाज असेल तर प्रत्येक बारच्या तोंडाशी गज नव्यानं लावल्यासारखा ऐकू येतो. टायनं बहुतेक यंत्रांत आख्खी कॉर्ड लांबते, एकटा सूर नाही. तेव्हा भरून झाल्यावर पियानो रोल, म्हणजे भरलेले सूर आडव्या पट्ट्यांसारखे दाखवणारा पडदा, उघडायचा, सामाईक सुराची दुसरी नोंद पुसायची आणि पहिली ओढून लांब करायची.

यानंतर राहतो तो पुढं ढकललेला वेळेचा निर्णय. सुराची लांबी गेटनं ठरते. एका बीटचे ४८० टिक मानले तर सोळाव्या हिश्श्याची स्टेप १२० टिकची होते. गेट ५० टक्के ठेवला तर सूर ६० टिक वाजून थांबतो आणि तुटक ऐकू येतो; १०० टक्के ठेवला तर पुढच्या सुराला जाऊन भिडतो. एकसुरी सिंथेसायझरवर सूर घसरत न्यायचा असेल तर पुष्कळदा गेट १०० च्याही पुढं न्यावा लागतो, कारण दोन सूर एकमेकांवर चढल्याशिवाय घसरण सुरूच होत नाही. जोर म्हणजे व्हेलॉसिटी, १ ते १२७. थांबून थांबून दाबलेल्या पट्टीचा जोर त्या ओळीतल्या वजनाशी जुळत नाही, म्हणून सुरुवातीला सगळ्यांना ठरावीक एकच आकडा द्यावा आणि मग सम कुठं, उठाव कुठं ते ऐकत एकेक स्टेप बदलावी. या कामाला भरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तो न दिलेला लगेच कळतो.

वादक : आणि झोल? ढोलकीवाला दुसरी टिचकी किंचित मागं ठेवतो, ती कुठल्या रकान्यात बसवणार?

प्रोग्रॅमर : रकान्यात नाही, रकान्याच्या जरा पुढं. रॉजर लिननं आपल्या ड्रम मशीनमध्ये स्विंग आणला आणि १९८८ च्या अकाई एमपीसी-६० मुळं तो सगळ्यांच्या हाती गेला. दोन सोळाव्यांची जोडी २४० टिकची. ५० टक्के म्हणजे दुसरा सूर बरोबर मध्ये, १२० वर. ६६ टक्क्यांच्या आसपास तो १६० च्या जवळ जातो, म्हणजे दादऱ्यासारखी तिहेरी चाल होते. ५८ वर ठेवला तर १३९ टिक. १२० च्या टेम्पोला हा फरक २० मिलिसेकंदांचा आहे.

वादक : पण तुझा स्विंग प्रत्येक जोडीला सारखाच. माणूस समेच्या जवळ येताना तो कमी करतो, मुखडा सोडताना वाढवतो.

प्रोग्रॅमर : त्यासाठी मायक्रोटायमिंग आहे. एकेका स्टेपला वेगळा धक्का देता येतो. पण कुठल्या स्टेपला किती, हे तुमच्याकडूनच शिकावं लागेल.

कॉर्डच्या बाबतीतही हा धक्का मोलाचा ठरतो. पियानोवादकानं एकत्र वाजवलेल्या कॉर्डमध्ये चालीचा सूर बाकीच्या सुरांपेक्षा सुमारे ३० मिलिसेकंद आधी वाजतो, असं मोजून दिसलेलं आहे. त्यामागं मोठं कारण यांत्रिक आहे : ज्या पट्टीवर जास्त जोर, तिची हातोडी तारेपर्यंत लवकर पोचते. म्हणजे जोर आणि वेळ तिथं एकमेकांना बांधलेले असतात. स्टेपनं भरलेल्या कॉर्डमध्ये ते सुटे होतात आणि चार सूर एका रेषेत उभे राहतात. वरचा सूर २० ते ३० टिक आधी आणला आणि त्याची व्हेलॉसिटी दहा-पंधरांनी वाढवली की कॉर्डमधून चाल वर येते. सगळे सूर यंत्राच्या मर्जीनं इकडंतिकडं विखुरण्यापेक्षा, म्हणजे ज्याला सॉफ्टवेअरमध्ये ह्यूमनाइझ म्हणतात त्यापेक्षा, हा एक जाणता बदल कितीतरी जास्त परिणाम करतो.

वादक : मींडचं काय? मालकंसातला कोमल ग हा एका स्टेपवर उभा करण्याचा सूर नव्हे. तो म वरून येतो आणि येता येताच रंगतो.

प्रोग्रॅमर : तिथं मी हात जोडतो. टीबी-३०३ चा स्लाइड एका सुरावरून दुसऱ्यावर जातो, पण त्याचा वेग यंत्राचा. वाट कशी वळवायची ते मला सांगता येत नाही.

वादक : मग सूर तू भर, मींड मी देतो.

हे शब्दशः करता येतं. सूर स्टेपनं भरून झाले की तोच ट्रॅक ओव्हरडबवर ठेवायचा, ठेका चालू करायचा आणि पट्ट्यांना हात न लावता फक्त पिच-बेंडचं चाक आणि एक्स्प्रेशनचं पेडल वाजवायचं. मिडीत, म्हणजे वाद्यं आणि सॉफ्टवेअर ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात तीत, पिच-बेंडच्या १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळं घसरण तुकड्यातुकड्यांत ऐकू येत नाही. सुरुवातीची मर्यादा बहुधा वर-खाली दोन स्वरार्धांची असते. लांब मींडेसाठी ती सिंथेसायझरमध्ये वाढवून घ्यावी. सस्टेन पेडलही याच फेरीत द्यावं, कारण थांबून थांबून भरताना पेडलला अर्थच नसतो.

एक सावधगिरी घ्यावी लागते. पिच-बेंड एका सुराला लागत नाही, आख्ख्या चॅनेलला लागतो. कॉर्ड आणि चाल एकाच चॅनेलवर असतील तर चालीचा ग खेचताना खालची कॉर्डही बेसूर होते. म्हणून चाल वेगळ्या ट्रॅकवर, वेगळ्या चॅनेलवर भरायची.

वादक : आणि कॉर्डमधलाच एक सूर खेचायचा असेल तर? सतारीवर चिकारी स्थिर राहते आणि बाजाची तार ओढली जाते तसं.

प्रोग्रॅमर : २०१८ मध्ये मिडीत एमपीई ही पद्धत अधिकृत झाली. तीत कॉर्डमधला प्रत्येक सूर स्वतःच्या चॅनेलवर जातो, म्हणून सा आणि प जागेवर ठेवून एकटा ग हलवता येतो. त्यासाठी कीबोर्ड आणि सिंथेसायझर दोन्ही एमपीई जाणणारे हवेत. ते नसले तर कॉर्डचे तीन सूर तीन ट्रॅकवर वेगळे भरायचे, तिघांना एकच आवाज द्यायचा आणि चाक फक्त ग च्या ट्रॅकवर फिरवायचं.